हुनर आहे, पण सांगणार कोण?

आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून शिकवलं जातं की मोठ्यांसमोर कमी बोलावं, नजर खाली ठेवावी, स्वतःची तारीफ स्वतः करू नये. ही तालीम चांगलीच आहे. पण हीच मुलं पदवी घेऊन मुलाखतीला जातात, समोर तीन अनोळखी माणसं बसलेली असतात आणि पहिलाच प्रश्न येतो, "स्वतःविषयी सांगा." नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय आणि शिक्षण सांगून मुलगा गप्प होतो. हे सगळं त्यांच्यासमोरच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. त्यांना मुलाची अदब दिसते, त्याचं काम दिसत नाही.

फुशारकी मारणं वेगळं आणि केलेल्या कामाचा हिशोब देणं वेगळं. "मी फार मेहनती आहे" ही फुशारकी झाली, कारण तिला पुरावा नाही. हिशोब कसा असतो ते पाहू. समजा, भिवंडीची किंवा मालेगावची एक मुलगी आहे. बी.कॉम. झाली आहे. अब्बांचे पॉवरलूम आहेत आणि तिथल्या कामगारांचा पगार कॉलेजात असल्यापासून तीच काढते. अर्जात 'अनुभव' या रकान्यात मात्र ती 'नाही' असं लिहिते, कारण घरचं काम म्हणजे नोकरी नव्हे, असं तिला वाटतं. तिने मुलाखतीत एवढंच सांगावं:

"अब्बांकडे आठ कामगार आहेत. दर आठवड्याला कोणी किती कापड विणलं ते लिहून, उचल वजा करून पगार काढायचं काम माझ्याकडे होतं. पगाराच्या दिवशी उचलीवरून वाद व्हायचे, कारण त्या नोंदी कुठेही लिहिलेल्या असायच्या. मी उचलीची वेगळी वही केली आणि रक्कम देतानाच सही घ्यायला लागले. त्यानंतर वाद झाला की वही उघडायची, विषय संपायचा."

यात स्वतःच्या कौतुकाचा एक शब्द नाही. परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, मी काय केलं आणि त्यातून काय झालं, एवढ्या चार गोष्टी याच क्रमाने आल्या. मुलाखतीची तयारी करून घेणारे याला 'स्टार' पद्धत म्हणतात. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं आहे. नाव विसरलं तरी चालेल, क्रम विसरू नये. आणखी एक: सांगताना 'आम्ही केलं' म्हणू नये. नम्रतेपोटी आपण 'आम्ही' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतच नाही की यातलं या मुलीने नेमकं काय केलं. असे तीन-चार प्रसंग आधी कागदावर लिहून काढावेत आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने सांगून पाहावेत. आपाला सांगताना जिथे अडखळायला होतं, तिथेच मुलाखतीतही अडखळायला होणार.

उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही" म्हणून मोकळं व्हावं; अंदाजाने बोललेलं लगेच पकडलं जातं. मध्ये दोन वर्षं शिक्षण सुटलं असेल तर कारण एका वाक्यात सांगून पुढे जावं. मुलींना हमखास विचारतात की लग्न कधी करणार? प्रश्न गैर आहे, पण तिथे वाद घालून नोकरी मिळत नाही. "ही नोकरी टिकवायच्या तयारीनेच मी आले आहे, घरच्यांशी बोलणंही झालं आहे," एवढं पुरे. मग बोलणं पुन्हा कामावर आणावं. अर्थात, घरच्यांशी ते बोलणं खरंच झालेलं असावं.

इंग्रजीची भीती मोठी असते, ती थोडी कमी करावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात, आणि मुख्य परीक्षा मराठीतून किंवा उर्दूतून देणाऱ्याला मुलाखतही त्याच भाषेत देता येते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात भारतीय प्रशासकीय सेवेतल्या मुस्लिमांचं प्रमाण ३ टक्के दिलं होतं. तो आकडा सगळे सांगतात. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते: नागरी सेवांच्या परीक्षेला बसणाऱ्यांतच मुस्लिम उमेदवार ५ टक्क्यांहून कमी होते, पण जे बसले त्यांच्या यशाचं प्रमाण इतरांच्या जवळपास होतं. म्हणजे उणीव अकलेची नव्हती.

राज्य सरकारच्या नोकरीसाठी मात्र चांगलं मराठी लिहिता येणं हीच मोठी पुंजी आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमामुळे राज्याचा कारभार मराठीत चालतो. उर्दू माध्यमातल्या मुलांनी मराठीकडे पास होण्यापुरता विषय म्हणून पाहू नये.

नोकरी लागली की बोलण्यापेक्षा लिहिण्याचं काम जास्त पडतं. आपल्या पत्रांना लांबलचक प्रस्तावनेची सवय आहे. "आपल्या सेवेत सविनय सादर की" इथून सुरुवात होते आणि मुद्दा शेवटच्या ओळीत येतो. साहेब पत्र वाचतात तेव्हा त्यांच्या मनात प्रश्न असतात. त्यांची उत्तरं आधीच देणारं पत्र चांगलं. आपल्या वाचकांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. "मला दर शुक्रवारी नमाजसाठी सवलत मिळावी ही नम्र विनंती," एवढाच अर्ज आला तर साहेब विचारणार: किती वेळ? काम कोण पाहणार? आणि अर्ज टेबलावर पडून राहणार. त्याऐवजी असं लिहावं:

"दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी मला दुपारी १ ते २ या वेळेत बाहेर जाण्याची परवानगी द्यावी. जेवणाची सुट्टी १.३० ते २ असते. वरचा अर्धा तास मी त्याच दिवशी सायंकाळी ६ ते ६.३० थांबून भरून काढीन. त्या वेळेत काउंटर सांभाळण्यास माझे सहकारी तयार आहेत."

साहेबांना फक्त सही करायची उरते. ते नाही म्हणू शकतात, पण मग कारण त्यांना द्यावं लागतं.

ई-मेललाही हेच लागू. विषयाच्या जागी नुसतं 'अर्ज' लिहू नये. पद आणि स्वतःचं नाव लिहावं. सोबतच्या फाइललाही आपलं नाव द्यावं, नाहीतर पन्नास उमेदवारांच्या पन्नास 'बायोडेटा' नावाच्या फाइली एका ठिकाणी गोळा होतात. 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी, पूर्वी टाइपरायटरवर कार्बन घालून काढत ती प्रत. ज्याने फक्त माहितीसाठी वाचायचं त्याचं नाव तिथे. सहकाऱ्याची चूक दाखवणाऱ्या मेलमध्ये वरच्या साहेबांचं नाव तिथे घालणं म्हणजे चहाडीच, आणि ऑफिसात ती सगळ्यांना कळते. वाईट बातमी असेल तर ती पहिल्या ओळीत द्यावी: "आजचा माल निघणार नाही." मग कारण, मग कधी निघेल. तोंडी मिळालेली मोठी सूचना त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवावी, "आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे मी अमुक करत आहे." यात अविश्वास नाही. उद्या कोणी 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हटलं तर गरिबाची बाजू तो मेलच मांडतो. व्हॉट्सअॅपवरचा आवाजी निरोप शोधत बसावा लागतो.

लिहिण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र बहिणींनी ध्यानात ठेवावा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्यात तक्रार लेखी द्यायची असते आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. स्वतः लिहिणं शक्य नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. "त्यांची वागणूक चांगली नाही" या वाक्याने तिथे फार काही साधत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे, कोणते शब्द वापरले, जवळ कोण होतं, हे लागतं. लाजेने शब्द गाळू नयेत. त्याच संध्याकाळी घरी येऊन वहीत लिहून ठेवावं, कारण दोन महिन्यांनी तारीख आठवत नाही. आलेले मेसेज पुसू नयेत. तक्रार दिल्यावर एक प्रत आणि ती मिळाल्याची शिक्क्याची पोच स्वतःजवळ घरी ठेवावी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.