पैसे नेमके कशाचे?

‘प्रोत्साहन भत्ता’ म्हटलं की आपल्याला नोकरीतला बोनस आठवतो. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात मात्र हा शब्द फार गंभीरपणे घेतला जातो. सरकार कशासाठी पैसे देतं, यावरून दवाखान्यात कुठलं काम होणार आणि कुठलं राहून जाणार, हे बऱ्याच अंशी ठरतं. आज याचं एक उदाहरण बघू : जननी सुरक्षा योजना.

योजना २००५ साली सुरू झाली. तेव्हा देशात १०० पैकी जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. उपाय सरळ होता. बाई दवाखान्यात बाळंत झाली की तिला रोख रक्कम, आणि तिला घेऊन येणाऱ्या आशाताईंना मोबदला. उत्तर प्रदेश, बिहारसारख्या राज्यांच्या ग्रामीण भागात आईला १४०० रुपये. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ७००, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींतल्या महिलांनाच.

२०१५-१६ पर्यंत हे प्रमाण ७९ टक्क्यांवर पोचलं. सगळं श्रेय या योजनेचं नाही. रस्ते, रुग्णवाहिका, मुलींचं शिक्षण हेही बदललं. तरी पैशांचा परिणाम झाला, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे.

मग मृत्यूही तितकेच घटले का? इथे मात्र मतभेद आहेत. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. २०१३ मध्ये नऊ राज्यांच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात मात्र दवाखान्यातली बाळंतपणं आणि मातामृत्यू यांचा ठोस संबंध सापडला नाही.

असं कसं? पैसे कशाला जोडले होते ते बघा : दवाखान्यात पोचण्याला. पोचल्यावर रक्तदाब तपासला का, रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन वेळेत मिळालं का, गरज पडल्यास रक्त मिळेल का, याला पैसे जोडलेलेच नव्हते. गर्दी वाढली, पण खाटा आणि नर्स सगळीकडे त्या वेगाने वाढल्या नाहीत. आई दारापर्यंत आली. पुढचं ज्या त्या दवाखान्याच्या कुवतीवर राहिलं.

धोरण पुढे बदललं. २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियनसकट सगळं मोफत, शिवाय साध्या बाळंतपणानंतर तीन दिवसांपर्यंत जेवण, म्हणजे बाई घाईने घरी जायला नको. २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यात प्रसूतिकक्षाचा दर्जा तपासून दवाखान्याला बक्षीस मिळतं. म्हणजे पैसा हळूहळू दारातून आत, खाटेपर्यंत सरकतोय.

एक गोष्ट अजून तशीच आहे. आशाताईंना पगार नाही; ठरावीक मानधन सोडलं तर कामागणिक मोबदला. दवाखान्याला घाबरणाऱ्या सुनेची आणि तिच्या सासूची चार-चार वेळा समजूत काढायची, याचा दर कुठल्याच तक्त्यात नाही. पण बरेचदा जीव वाचतो तो त्यामुळेच.

म्हणून नवी आरोग्य योजना जाहीर झाली की ‘किती कोटी दिले?’ याच्या आधी विचारा, ‘नेमके कशाचे दिले?’