मृत्यू (टॅरो पत्ता)

'मृत्यू' हा टॅरो पत्त्यांच्या ७८ पानांच्या संचातील १३ क्रमांकाचा पत्ता आहे. संचातील २२ चित्रपत्त्यांच्या गटाला 'मेजर आर्काना' असे म्हणतात. या गटात 'टांगलेला मनुष्य' (१२) आणि 'संयम' (१४) या दोन पत्त्यांच्या मध्ये हा पत्ता येतो. टॅरोच्या साहाय्याने भविष्य सांगणारे आज या पत्त्याचा अर्थ सहसा शारीरिक मृत्यू असा लावत नाहीत. आयुष्यातील एखाद्या पर्वाची समाप्ती आणि त्यानंतर येणारा बदल, असा लावतात. मात्र नाव आणि चित्र ही दोन्ही भयसूचक असल्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला दिसणारा अर्थ आणि वाचकाने सांगितलेला अर्थ यांत मोठे अंतर पडते. एखाद्या पत्त्याला अर्थ कोठून येतो, हे समजून घेण्यासाठी हा पत्ता म्हणूनच उपयोगी ठरतो.

चित्र

सध्या सर्वाधिक प्रचलित असलेले चित्र १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या संचातील आहे. आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने तो संच रेखाटला. त्यातील मृत्यू हा काळे चिलखत घातलेला सांगाडा असून तो पांढऱ्या घोड्यावर बसलेला आहे. त्याच्या हातातील काळ्या निशाणावर पाच पाकळ्यांचे पांढरे गुलाब आहे. घोड्याखाली एक राजा मरून पडला आहे. समोर धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एका तरुणीने तोंड फिरवले आहे, तर लहान मूल घोड्याकडे सरळ पाहत आहे. मृत्यूसमोर सत्ता, धर्म आणि तारुण्य यांची मात्रा चालत नाही आणि न भिणारे एकटे मूलच असते, असे या रचनेचे वाचन केले जाते. पार्श्वभूमीला नदी, नदीत होडी आणि क्षितिजावर दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. हा सूर्य उगवता मानला की पत्ता आशादायक होतो आणि मावळता मानला की होत नाही. चित्रात त्याचा निर्णायक पुरावा नाही. वेट यांनी मात्र हा सूर्य अमरत्वाचा म्हणून सांगितला आहे.

घोडा ख्रिस्ती परंपरेतून आला आहे. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात मृत्यू फिकट रंगाच्या घोड्यावरून येतो. रेड्यावर बसून, हाती फास घेऊन येणाऱ्या यमाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे वाहन अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे.

इतिहास

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, नेहमीच्या चार प्रकारांच्या पत्त्यांना चित्रपत्त्यांची जोड देऊन तो तयार झाला. हे चित्रपत्ते हुकमाचे होते. म्हणजे ते खालच्या पानांना मारत. मृत्यूचे पान आपल्याहून खालच्या क्रमांकाच्या बादशहाला आणि पोपलाही मारत असे. चित्रातील अर्थ खेळाच्या नियमातच सामावलेला होता आणि त्यासाठी कोणत्याही गूढविद्येची गरज नव्हती. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या संचांपैकी एकात मृत्यू धनुष्य घेतलेला सांगाडा आहे, दुसऱ्यात तो घोड्यावरून विळा फिरवत आहे. पुढे फ्रान्समध्ये रूढ झालेल्या मार्सेय पद्धतीच्या संचांत तो काळ्या जमिनीवर विळा चालवताना दिसतो. जमिनीवर तुटलेली मुंडकी आणि हातपाय विखुरलेले असतात. या संचांत इतर चित्रपत्त्यांवर नाव छापलेले असते, पण १३ क्रमांकाच्या पत्त्यावर बहुधा फक्त अंक असतो. त्यामुळे फ्रेंच परंपरेत त्याला 'निनावी पत्ता' असे नाव पडले.

भविष्यकथनाची ख्याती टॅरोला बरीच उशिरा मिळाली. १७८१ साली आंत्वान कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. शाँपोल्याँ यांनी १८२२ साली तिचा उलगडा केल्यानंतर या मताला कोणताही आधार मिळाला नाही. तोवर मात्र मत रुजले होते. एत्तेया या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या भविष्यवेत्त्याने पत्त्यांचे सुलट व उलट अर्थ छापून प्रसिद्ध केले आणि स्वतःचा संचही काढला. त्या संचात मृत्यूचा क्रमांक १३ नसून १७ आहे. १८८८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाने या पत्त्याचा संबंध वृश्चिक राशीशी जोडला. वेट आणि स्मिथ हे दोघेही या मंडळाचे सदस्य होते.

वाचनातील अर्थ

वेट यांनी आपल्या पुस्तकात दिलेले अर्थ आजच्या मानाने कठोर आहेत. सुलट पत्त्याला अंत, नाश आणि मर्त्यता. उलट पत्त्याला जडत्व, झोप आणि गोठलेपण. 'परिवर्तन' हा सौम्य अर्थ त्यांच्या विवेचनात आहे, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॅरोकडे आत्मपरीक्षणाचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागल्यावर तोच मुख्य अर्थ झाला.

प्रत्यक्ष वाचनात अर्थ पत्त्यावरून कमी आणि प्रश्नावरून अधिक ठरतो. नोकरीविषयीच्या प्रश्नाला मृत्यू आला तर ती नोकरी संपणार असे सांगितले जाते. विवाहाविषयी आला तर नाते संपणार, किंवा अविवाहित आयुष्य संपणार. ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध असूनही दोन्ही पत्त्याच्या अर्थात बसतात. पत्ता भूतकाळाच्या जागी पडला तर घडून गेलेला वियोग आणि भविष्याच्या जागी पडला तर येणारा बदल मानतात. उलट पडला तर बदलाला होणारा विरोध, असे पुष्कळ वाचक सांगतात. काही वाचक मात्र उलट-सुलट भेद मानतच नाहीत. शेजारच्या पत्त्यांनीही छटा बदलते. 'मनोरा' सोबत असला तर समाप्ती अचानक होणार आणि 'संयम' असला तर सावकाश, असा संकेत आहे. एकच पत्ता काढून केलेल्या वाचनात हे आधार नसतात. अशा वेळी प्रश्न, वाचकाचे बोलणे आणि ऐकणाऱ्याची मनःस्थिती एवढेच उरते.

पत्ता निघणे ही दुर्मीळ घटना नाही. संच नीट पिसला असेल तर एका पत्त्याच्या वाचनात तो येण्याची शक्यता ७८ मध्ये १, तीन पत्त्यांच्या मांडणीत २६ मध्ये १ आणि दहा पत्त्यांच्या 'केल्टिक क्रॉस' मांडणीत सुमारे १३ टक्के, म्हणजे साधारण दर आठ मांडण्यांत एकदा असते. घरात कोणी आजारी असताना पत्ता काढणाऱ्याला हे गणित सहसा सांगितले जात नाही. कोणाच्याही मृत्यूचे भाकीत करायचे नाही, हा नियम अनेक टॅरो वाचक पाळतात. तो पाळला नाही तर होणारी भीती मात्र खरी असते, पत्त्यात काही तथ्य असो वा नसो.

मराठी संदर्भ

महाराष्ट्रातील पत्त्यांची जुनी परंपरा म्हणजे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा प्रकार आणि प्रत्येकी १२ पाने, असे १२० गोल पत्ते तिच्यात असतात. देवतांची चित्रे असूनही गंजिफा खेळ म्हणूनच ओळखली जाते आणि तिच्यात मृत्यूचे स्वतंत्र पान नाही. टॅरो मराठी समाजात आला तो इंग्रजी पुस्तकांतून आणि शहरी भविष्यकथनाच्या व्यवसायातून. आता मराठी वृत्तमाध्यमांतही राशींनुसार टॅरो भविष्य प्रसिद्ध होते. तेथे एका राशीच्या साऱ्या वाचकांसाठी एकच पत्ता काढलेला असतो.

या पत्त्याचा १३ हा अंक युरोपातून आला असला तरी मराठी कानाला तो वेगळाच ऐकू येतो. अनेक हिंदू कुटुंबांत मृत्यूनंतर तेराव्या दिवशी 'तेरावे' होते, गोडाचे जेवण होते आणि घर पुन्हा नित्यव्यवहाराला लागते. 'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीतला तेरावा अधिक मासाचा असला तरी अंकाची अशुभ छाया त्यातही आहे. शोकाची मुदत संपून व्यवहार सुरू होणे हा तेराव्याचा आशय पत्त्याच्या आधुनिक अर्थाशी जुळतो, पण हा केवळ योगायोग आहे. वृश्चिकेचेही तसेच. पत्रिका पाहणाऱ्यांना आठवी रास आणि मृत्युस्थान मानले जाणारे आठवे स्थान यांची सांगड परिचयाची असल्यामुळे लंडनमधील मंडळाने जोडलेला संबंध त्यांना आपल्याच परंपरेतला वाटू शकतो.

चिकित्सा

पत्त्याचे वाचन 'बरोबर' का वाटते याचे एक उत्तर मानसशास्त्रात सापडते. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे वर्णन लिहून दिले. प्रत्येकाला ते आपलेच वाटले आणि अचूकतेला सरासरी ५ पैकी ४.२६ गुण मिळाले. वर्णन मात्र सर्वांना एकच दिले होते. 'एक पर्व संपत आहे' हे विधान याच जातीचे आहे, कारण कोणाच्याही आयुष्यात काही ना काही संपत असतेच.

महाराष्ट्रात अशी चाचणी फलज्योतिषाची झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातील, हे ओळखण्यास सांगितले. उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा सरस नव्हती. हे निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टॅरोला ही पद्धत जशीच्या तशी लावणे कठीण आहे. पत्रिका जन्मवेळेशी बांधलेली असते, तर पत्ता दर वेळी नव्याने निघतो आणि त्याचा अर्थ प्रश्न ऐकल्यावर ठरतो. चुकीचे ठरू शकेल असे निश्चित विधान त्यातून क्वचितच मिळते.

राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात टॅरोचा वेगळा उल्लेख नाही. जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांनी दिलेला सल्ला त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे.