टपावरचा तंबू की हौद्यातला बिछाना?

इसुझू कंपनीने २०१६ साली व्ही-क्रॉस आणि टोयोटाने २०२२ साली हायलक्स ही पिकअप भारतीय बाजारात आणली, आणि ज्यांना हॉटेलच्या खोलीचा आग्रह नाही, पक्की सडक संपली तरी पुढे जाण्याची ज्यांची तयारी आहे आणि हौद्यात दहा-पंधरा दिवसांचा शिधा व बिछाना भरून लडाख-स्पितीच्या पठारांवर मुक्काम करावा अशी ज्यांची उत्कट इच्छा आहे, अशा मराठी प्रवाशांना एक नवे साधन हाताशी आले. ही हौस निरोगी आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु झोपण्याच्या तजविजीसंबंधी या मंडळींत ज्या समजुती रूढ झाल्या आहेत, त्यांतील काही केवळ खर्चिक असल्या तरी काही प्रत्यक्ष जिवावर बेतणाऱ्या आहेत, आणि त्या बहुतेकांचे मूळ एका उलट्या क्रमात आहे. तंबू कोणता घ्यावा हा प्रश्न आधी विचारला जातो. अंगाखाली काय असेल, श्वासाला हवा कोठून मिळेल आणि मुक्काम किती उंचीवर पडेल हे प्रश्न, जे वस्तुतः त्याच्या आधीचे आहेत, ते गाडी निघाल्यावर, किंबहुना रात्री दोन वाजता, आपोआप पुढे येतात.

टपावरच्या तंबूचे आकर्षण मोठे आहे हे मान्य केले पाहिजे. इटलीत १९५८च्या सुमारास व्यापारी स्वरूपात आलेली ही युक्ती पुढे आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियात लोकप्रिय झाली, आणि श्वापदांच्या मुलखात जमिनीपासून उंच झोपण्याचा तिचा हेतू तेथे सार्थही होता. आपल्याकडे मात्र व्याघ्रप्रकल्पात रात्री स्वतःची गाडी उभी करून झोपण्याची मुभाच नाही. लडाखात भटकी कुत्री आणि द्रास-झांस्करकडे क्वचित तपकिरी अस्वल एवढाच काय तो धोका असतो, आणि तो अन्न बंद डब्यात, बिछान्यापासून दूर ठेवल्याने जितका टळतो तितका शिडीने टळत नाही.

यापेक्षा अधिक दृढ समजूत अशी की, जमिनीपासून उंच झोपले म्हणजे थंडी लागत नाही. जमीन अंगातील ऊब शोषून घेते हे खरे. परंतु टपावरच्या तंबूचा तळ हवेत अधांतरी असतो, त्याच्याखालून पठारावरचा वारा रात्रभर वाहत राहतो, आणि तो ऊब वाहून नेण्याचे काम जमिनीइतक्याच निष्ठेने करतो. हौद्याचा पत्राही निरभ्र आकाशाखाली झपाट्याने थंड होतो. म्हणजे तिन्ही ठिकाणी, जमिनीवर, हौद्यात किंवा टपावर, खरा बंदोबस्त अंगाखालीच करावा लागतो. आणि येथेच आणखी एक घोटाळा होतो: उत्तम स्लीपिंग बॅग घेतली की खालची काळजी मिटली असे लोक समजतात, परंतु त्या बॅगेतील पिसे किंवा तंतू ऊब धरतात ते त्यांच्यात कोंडलेल्या हवेमुळे, आणि अंगाच्या भाराखाली ती हवा पिळून निघाली की पाठीखालच्या बाजूला नुसते दोन पदरी कापड उरते.

म्हणून मॅट हीच खरी शय्या. तिची उष्णतारोधकता ज्या अंकाने सांगतात त्यास बाजारात ‘आर-व्हॅल्यू’ म्हणतात, आणि २०१८ साली अमेरिकेत तो मोजण्याची एकसमान पद्धत ठरल्यापासून निरनिराळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करणे शक्य झाले आहे. घरी पाहुण्यांसाठी फुगवतो ती वीतभर जाडीची हवेची गादी दिसायला मऊ असते, पण तिचा अंक एकच्या आसपास असतो. कारण आतली मोकळी हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब उचलून खालच्या थंड बाजूला नेऊन देते. बंद छिद्रांच्या फोमच्या साध्या घडीच्या मॅटचा अंक दोनच्या आसपास, तर आतून अस्तर घातलेल्या चांगल्या फुगवायच्या मॅटचा चार किंवा त्याहून अधिक असतो. या अंकांची बेरीज करता येते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते: खाली फोमची मॅट आणि वर अस्तराची मॅट अशी जोडी अंथरली, तर सहाचा अंक अल्प खर्चात पदरी पडतो, आणि वरची मॅट भोक पडून बसली तरी खालची पाठीशी उभी राहते. तापमान शून्याखाली जाणार असेल तर चारपेक्षा कमी अंकावर मी तरी कोणालाही झोपण्याची शिफारस करणार नाही.

स्लीपिंग बॅगेवरील आकड्याचाही असाच विपर्यास होतो. ‘उणे दहा’ असे ठळक छापलेले पाहून उणे दहा अंशांत सुखाने झोप लागेल अशी आपली धारणा होते; परंतु प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकात तीन निरनिराळे आकडे असतात. पहिला आरामाचा, दुसरा मर्यादेचा, म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र काढण्याचा, आणि तिसरा आत्यंतिक, ज्यात सहा तास जीव तगतो एवढीच अपेक्षा असते आणि अंग गारठून अपाय होण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. दुकानातील मोठा आकडा यांपैकी कोणता, हे आतल्या बारीक मजकुरात वाचावे आणि खरेदी आरामाच्या आकड्यावरूनच करावी.

आता ज्या समजुतीने माणसे खरोखर मेली आहेत तिच्याकडे वळू. गाडीच्या किंवा हौद्यावर बसवलेल्या कॅनोपीच्या बंद पोकळीत काचा लावून झोपले की ऊब टिकते असे मानले जाते. पातळ पत्र्याला ऊब धरण्याचे सामर्थ्य जवळजवळ नसते. उलट दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात बाहेर पडणारे पेलाभर पाणी त्या पत्र्यावर दवासारखे जमते, पहाटे गोठते आणि ऊन पडताच वितळून बिछान्यावर ठिबकते. टपावरच्या तंबूत हेच पाणी गादीच्या पोटाशी, लाकडी तळावर साचते; सकाळी गादीचे टोक उचलून पाहावे, खालचे कापड तळहाताला ओले लागते, आणि ती तशीच घडी करून ठेवली तर चार दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. ओला बिछाना थंडच असतो. म्हणून एक फट खाली आणि एक वर, अशा दोन फटी कडाक्याच्या थंडीतही उघड्या ठेवणे हेच ऊब राखण्याचे साधन होय.

त्या फटी बुजवून जे आत शेगडी, कोळशाची सिगडी किंवा गॅसचा स्टोव्ह पेटवतात, किंवा हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपतात, त्यांना कार्बन मोनॉक्साइड या वायूची कल्पना नसते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि त्याची पहिली लक्षणे, डोके दुखणे, मळमळ, सुस्ती, ही उंचीवरील आजाराच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की ‘हवा लागली असेल’ म्हणून माणूस पुन्हा पांघरूण ओढतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे दगावली, आणि बर्फाने वेढलेल्या गाड्यांत कोंडलेला हाच वायू त्यांतील अनेक मृत्यूंचे कारण असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. डिझेलचा स्वतंत्र हीटर त्या मानाने निर्धोक, कारण त्यातील जळण्याची जागा वेगळी असते आणि धूर नळीने बाहेर जातो. तरी विरळ हवेत इंधन अपुरे जळून त्यात काजळी धरते, म्हणून उंचीसाठी जुळवून घेतलेला हीटर आणि उशाशी या वायूची सूचना देणारे यंत्र, या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज तो पेटवू नये. माझ्या मते सर्वांत भरवशाची ऊब म्हणजे उकळलेल्या पाण्याची बाटली. ४,३०० मीटरांवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. ते मजबूत बाटलीत भरून, बाटली उलटी धरून झाकण तपासून, लोकरी मोज्यात घालून पायाशी ठेवावे.

दोन माणसांच्या वजनाने टप चेपेल, ही भीती मात्र बहुधा अनाठायी असते. गाडी उभी असताना टप व त्यावरील कॅरियर पुष्कळ भार सोसतात. कंपनीच्या पुस्तिकेतील मर्यादा धावत्या गाडीसाठी असते, आणि ती खडबडीत वाटेवर आणखी खाली येते. भय आहे ते साठ-सत्तर किलोंचा तंबू डोक्यावर घेऊन आडव्या उतारावरून गाडी जाते तेव्हाचे. घ्यायचाच असेल तर तो हौद्यावरच्या चौकटीत, शक्य तितका खाली बसवावा. आर.सी. बुकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून माणसे, पाणी, डिझेल व सामान यांचा हिशेब करावा, आणि मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत हे ध्यानी ठेवून कायमची जोडणी करण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

हौद्यात झोपणाऱ्यांचा भ्रम याच्या उलट असतो: एवढा मोठा हौदा, त्यात माणूस सहज मावेल. चार दारांच्या पिकअपचा हौदा सुमारे दीड मीटर लांब असतो, आणि चाकांवरच्या उंचवट्यांमध्ये त्याची रुंदी आणखी आक्रसते. उंचवट्यांच्या वर फळ्यांचा माळा केला तर कर्णरेषेत एक उंच माणूस सरळ झोपू शकतो. दोघांना फाळका खाली पाडून त्यावर पाय घ्यावे लागतात आणि मागचा उघडा भाग कापडाने बंदिस्त करावा लागतो. गाडी विकत घेण्याआधी फीत घेऊन हौदा मोजण्याइतके सोपे काम दुसरे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घर गाडीवरच आहे, तेव्हा अंधार पडेल तेथे थांबावे, असे जो म्हणतो तो दोन गोष्टी विसरलेला असतो. नाल्याच्या पात्रातील सपाट वाळू मोहक दिसते, परंतु हिमनद्यांचे पाणी दुपारनंतर चढते आणि ढगफुटीचा लोंढा, २०१० सालच्या ऑगस्टमध्ये लेहने पाहिला तसा, रात्रीच येऊ शकतो. आणि उंची: तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांपेक्षा अधिक चढवू नये, असा वैद्यकाचा शिरस्ता आहे. दिवसा खिंड कितीही उंच ओलांडा, प्रश्न रात्री डोके कोठे टेकणार याचा असतो. उंचीवर लघवीही वारंवार होते, उंचीवरील आजारासाठीचे डायमॉक्स हे औषध घेतल्यास अधिकच. गोठलेल्या रात्री, चक्कर येत असताना, मोज्यांनिशी ॲल्युमिनियमची शिडी चाचपत दोन मीटर खाली उतरणे काय असते याचा विचार टपावरचा तंबू विकत घेताना कोणीच करत नाही. त्यातून सोबत्याला श्वास लागून ताबडतोब खाली न्यायचे झाले, तर टपावरचा तंबू बर्फगार बोटांनी मिटवल्यावाचून गाडी हलत नाही. जमिनीवरचा तंबू तसाच सोडून जाता येतो, हौद्यातल्या माणसाला तर केवळ पुढच्या सीटवर यावे लागते. म्हणून लडाख-स्पितीपुरता माझा कौल हौद्यातल्या बिछान्याला किंवा साध्या जमिनीवरच्या तंबूला आहे.

अटल बोगदा २०२० साली खुला झाल्यापासून २,०५० मीटरांवरील मनालीहून निघून त्याच रात्री ४,२९० मीटरांवरील सरचूला पोचणे फार सोपे झाले आहे. शक्य तर श्रीनगर-कारगिलच्या चढत्या वाटेने लेह गाठावे, आणि मनालीकडूनच जायचे असेल तर केलाँग-जिस्पाला दोन रात्री काढाव्यात. सरचूला पहिल्याच रात्री बिछाना अंथरू नये. तेथे कोणी आजारी पडले, तर दक्षिणेला बारालाचा ला आणि उत्तरेला लाचुंग ला, अशा दोन्ही बाजूंना आधी आणखी वर चढावे लागते, आणि मगच उतार लागतो.