वसुलीला संगणक, देण्याला फाईल!

गरिबाकडे सरकारचे पैसे निघत असले की सगळ्या खात्यांचे डोळे एकाच वेळी उघडतात. गरिबाचे सरकारकडे पैसे निघत असले की एका खात्याला दुसऱ्याचे काहीच ठाऊक नसते. हा न्याय कसला, हे समजून घ्यायचे असेल तर भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, गोसीखुर्दला जावे.

आज सरकारचा परवलीचा शब्द आहे 'माहितीची जोडणी'. तलाठ्याचा सातबारा, बँकेचे कर्जखाते, आयकर, रेशनकार्ड ही पूर्वी वेगवेगळ्या कपाटांत असत. आधार क्रमांकाने ती एका दोरीत ओवली. पीएम-किसान योजनेत आयकर खात्याची यादी शेतकऱ्यांच्या यादीशी ताडून पाहिली गेली आणि पैसे परत करा म्हणून तहसीलमधून नोटिसा निघाल्या. 'लाडकी बहीण' योजनेत इतर खात्यांच्या माहितीवरून जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार जणींचे हप्ते थांबवले गेले. पडताळणी जिल्हाधिकारी नंतर करणार होते. आधी शिक्षा, मग चौकशी! अपात्राने घेतलेला पैसा परत गेलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण पात्र-अपात्र कोण ठरवणार? माणूस की यादी?

कर्जाच्या बाबतीत महाराष्ट्राने हा अनुभव आधीच घेतला आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत ३४ हजार कोटींची घोषणा झाली. शेतकऱ्याने केंद्रावर रांगेत उभे राहून ऑनलाईन अर्ज भरायचा, बँकेने आपली यादी द्यायची आणि संगणकाने दोन्ही जुळवायच्या. ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगेच याद्या अडकल्या. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी असल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या. चूक यादीची होती, पण थकबाकीदाराचा शिक्का शेतकऱ्याच्या कपाळावर राहिला. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जांचा पसारा कमी झाला, तरी अंगठा जुळल्याशिवाय मुक्ती नव्हती. मातीत राबून ज्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, त्याने काय करावे?

याचा दुसरा पदर बँकेत दिसतो. सरकारी मदत आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. खेड्यात ते खाते बहुधा जिथे पीककर्ज आहे त्याच बँकेत असते. धानाचा बोनस असो, अतिवृष्टीची मदत असो की बहिणीचे दीड हजार. पैसा आला की बँक त्यावर 'होल्ड' लावते किंवा कर्जात वळता करते. मदतीतून वसुली करू नये, असे शासन निर्णयात दरवेळी छापले जाते. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'च्या हप्त्यांतून कपात झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मंत्र्यांना बँकांना पुन्हा तेच बजावावे लागले. एकच हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नाही. कपात यंत्र क्षणात करते. ती परत मिळवायला मात्र बाईला एका दिवसाची मजुरी बुडवून शाखेत खेटे घालावे लागतात.

आता गोसीखुर्दचा हिशेब मांडू या. वैनगंगेवरील या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. अंदाजित खर्च होता ३७२ कोटी. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि २०१६ मध्ये सुधारित अंदाज १८ हजार ४९४ कोटींवर पोचला. जवळपास पन्नास पट! सिंचन घोटाळ्याच्या चौकशीत इथल्या कामांबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले. ज्यांची घरे-शेते बुडाली त्यांच्यासाठीचे ११९९ कोटी ६० लाखांचे विशेष पॅकेज मात्र २०१३ मध्ये निघाले. म्हणजे कोनशिलेनंतर २५ वर्षांनी, तेही मोर्चे आणि आंदोलने केल्यावर. त्यानंतरही नव्या गावठाणातल्या १८ नागरी सुविधा, वाढीव कुटुंबांचा मोबदला आणि प्रकल्पग्रस्ताच्या प्रमाणपत्रावर नोकरी, यांसाठी लढा संपला नाही.

सांगा, इथे थकबाकीदार कोण?

जमीन सरकारच्या नावावर चढवताना एकही नोंद चुकली नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असला, तर तो मोबदल्याच्या वाटेत आधी उभा राहतो. म्हणजे जोडणी तेव्हाही होती, संगणक नसतानाही! नव्हती ती फक्त देण्याच्या बाजूची जोडणी. भूसंपादन कार्यालय, पुनर्वसन कार्यालय आणि पाटबंधारे महामंडळ यांच्या याद्या कोणी एकत्र ठेवून विचारले का, की या कुटुंबाचे सरकारकडे किती निघते आणि किती वर्षांपासून?

आपल्या माणसाची गोष्ट याहून वेगळी आहे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो भूमिहीन शेतमजूर, नदीवर जगणारा ढिवर, दुसऱ्याची बांधी ठेक्याने करणारा कष्टकरी, हे मोबदल्याच्या यादीत शोधूनही सापडत नाहीत. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही जमिनीच्या नोंदीवरच उभा आहे. हजारो वर्षे जमीन नाकारली, आता जमीन नाही म्हणून नोंद नाकारली. पण बचतगटाचे किंवा महामंडळाचे कर्ज थकले की तोच माणूस यादीत अचूक सापडतो!

यंत्र निष्पक्ष असते, असे सांगणारे भेटतात. त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तिथल्या सरकारने २०१५ पासून कर खात्याची आणि कल्याण खात्याची माहिती जुळवली. वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत सरसकट भागले आणि तुम्ही जास्त मदत घेतली म्हणत लाखो गरिबांना वसुलीच्या नोटिसा धाडल्या. हंगामी काम करणारा वर्षभर कमावता ठरला. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली, पैसे परत करावे लागले आणि २०२३ च्या चौकशी आयोगाने सरकारचे वाभाडे काढले. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत चार पैसे पाहणाऱ्या मजुराला हेच गणित लावले तर?

आपला कायदाही वसुलीकडेच झुकला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये, कर्ज थकवणाऱ्याची मालमत्ता आणि देणी शोधण्यासाठी त्याच्या माहितीवरचे संरक्षण बरेचसे सैल केले आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८ बदलून 'वैयक्तिक माहिती' या नावाखाली नकार देणे सोपे केले. आमचे सगळे उघडे आणि त्यांचे सगळे झाकलेले! बँकांनी दहा आर्थिक वर्षांत सुमारे १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जे निर्लेखित केल्याचे सरकारने मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे खरे. पण त्या बड्यांच्या रेशनकार्डावर कोणी 'होल्ड' लावला का?

१८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराचे रोखे जाळले, कारण चोपडी सावकाराच्या हाती होती आणि कुणब्याला वाचता येत नव्हती. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ मध्ये हाच लेखणीचा जुलूम मांडला. आजची चोपडी संगणकात आहे. ती जाळता येत नाही आणि जाळायचीही नाही. ती वाचायची आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. लेखी नोटीस आणि सुनावणीशिवाय एकही हप्ता थांबवू नये. मदतीचा पैसा कर्जात वळवणाऱ्या शाखेवर कारवाई व्हावी. आणि २०१७ मध्ये कर्जमाफीच्या अर्जदारांचे चावडीवाचन झाले, तसे सरकार गावाला किती देणे लागते याचेही चावडीवाचन ग्रामसभेत व्हावे, भूमिहीनांच्या नावांसह.

कार्यकर्त्यांनो, नव्या गावठाणाच्या पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. थकबाकीदारांची यादी लागलीच पाहिजे. फक्त तिच्यात पहिले नाव सरकारचे असू द्या!