उपग्रहाची उंची आणि दूरध्वनी-संभाषण

विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह पृथ्वीवरून स्थिर भासतो. असे तीन उपग्रह जवळजवळ सर्व जगाच्या संदेशवहनास पुरतील, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली दाखवून दिले. परंतु रेडिओलहरींस वर जाऊन परत येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत अर्धा सेकंद सरतो. हा विलंब अंतरामुळे उद्भवत असल्याने यंत्रे कितीही सुधारली तरी टळत नाही.

यास उपाय म्हणजे उपग्रह खाली आणणे. १९९८ साली सुरू झालेल्या इरिडियम योजनेत उपग्रहांची उंची सुमारे ७८० किलोमीटर, म्हणजे सुमारे ४६ पटींनी कमी आहे. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, उपग्रह माथ्यावर असताना व इतर गोष्टी समान धरल्यास, ती सुमारे २,१०० पट मिळते. हातात मावणाऱ्या दूरध्वनीस हा लाभ निर्णायक होय.

त्याची किंमत मात्र गतीच्या रूपाने द्यावी लागते. असा उपग्रह सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर धावतो व दहाएक मिनिटांत क्षितिजाआड जातो. म्हणून ६६ उपग्रहांची साखळी राखून चालू संभाषण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावे लागते. शिवाय डॉप्लर परिणामामुळे १.६ गिगाहर्ट्झच्या लहरीची कंप्रता सुमारे ३६ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. तीही सतत सावरावी लागते. भूमीवरील मोबाइल जाळ्यात मनोरा स्थिर असून बोलणारा फिरतो; येथे मनोराच धावत असतो. अशा साखळीचा खर्चही प्रचंड असतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये इरिडियम कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे नव्या मालकीखाली ती सेवा चालू राहिली. कक्षेची निवड करताना विलंब, शक्ती, गती व खर्च यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, तो यासाठीच.