धोंड्याच्या महिन्यात स्वित्झर्लंड?

युरोपला कधी जायचे, हे साताऱ्यातल्या एका घरात कालनिर्णयवर ठरते आहे. २०२६ चे कॅलेंडर नोव्हेंबरातच भिंतीवर आले. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, पतसंस्थेचा हप्ता या नेहमीच्या खुणांच्या जोडीला एप्रिल ते जुलैच्या पानांवर तीन रंगांचे गोल दिसतात. निळे गोल बाईंचे, हिरवे त्यांच्या भावाचे आणि लाल सरांचे. लाल म्हणजे 'अशक्य'. सध्या लालच जास्त आहेत.

सर आणि बाई, दोघेही निवृत्त शिक्षक. सरांचे गणित, बाईंचा भूगोल. आल्प्स, ऱ्हाईन, हॉलंडमधली समुद्रसपाटीखालची जमीन हे सगळे बाईंनी वर्षानुवर्षे फळ्यावर काढले आणि तास संपला की पुसले. जायचे मात्र राहिले. आधी घराचे कर्ज, मग मुलीचे शिक्षण, मग सासूबाईंचे अंथरूण, त्यानंतर कोरोना. निवृत्तीच्या उत्साहात दोघांनी पासपोर्ट काढले होते, ते कपाटात साड्यांखाली पडून राहिले. आता बाहेर काढून पाहिले तर मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंतच. युरोपातून निघाल्यानंतर निदान तीन महिने पासपोर्ट जिवंत असावा लागतो. म्हणजे एकही शिक्का न बसलेली ती दोन पुस्तके नव्याने काढण्यापासून सुरुवात.

बाईंची आणखी एक अट आहे. तासगाव तालुक्यातला दादा आणि वहिनी बरोबर हवेत. दादाची द्राक्षबाग आहे, थोडा बेदाणा आहे आणि 'बाग सोडून जायचं कसं' हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला तयार आहे. वहिनी आजवर पंढरपूर, तिरुपती आणि एकदा अष्टविनायक एवढ्याच फिरल्या. "ताई, तुम्ही असाल तर मी येते. विमानात शेजारी मात्र तुम्हीच बसायचं," एवढे बोलून त्यांनी होकार दिला.

खरी कुस्ती सुरू झाली ती इथे. बाईंना ट्यूलिप पाहायचे आहेत. हॉलंडमधली केउकेनहोफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. पण तासगावात एप्रिल म्हणजे खरड छाटणी. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. ऑक्टोबरची फळासाठी, एप्रिलची पुढच्या वर्षाची काडी तयार करण्यासाठी. एप्रिल छाटणीनंतरच्या पहिल्या साठ-सत्तर दिवसांत काडीच्या डोळ्यात घड धरतो. या काळात पाणी, खत, फुटव्यांची विरळणी यांत कसूर झाली तर पुढच्या फेब्रुवारीत वेलीवर नुसती पाने. दादाने फोनवर सांगून टाकले, "दाजी, फुलं बघायला जाऊ आणि घड घालवून बसू."

बरे, मेचा उत्तरार्ध धरावा तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना. सरांच्या मुलीचे लग्न २०२३ च्या अधिक श्रावणानंतरचे, म्हणजे जावयाचा हा पहिलाच धोंडा. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, चांदीचे निरांजन, सगळे साग्रसंगीत व्हायला हवे. जावई स्वतः पुण्यात संगणक कंपनीत आहे आणि 'तुम्ही खुशाल जा' असे दोनदा म्हणाला आहे, पण असल्या बाबतीत जावयाचे मत विचारात घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. जुलैत वारी. २०२६ ची आषाढी २५ जुलैला, आणि दादा दरवर्षी लोणंदपासून माऊलींच्या पालखीत चालतो. ऑगस्टात श्रावण, सप्टेंबरात गणपती, मग पुन्हा छाटणी. पैशांची जुळणी झाली, तब्येती ठणठणीत आहेत, तरी वर्षाच्या ३६५ दिवसांत सलग पंधरा दिवस सापडेनात.

सरांना अशा वेळी रंगो बापूजींची आठवण होते. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे ठाण मांडून कंपनी सरकारशी भांडत राहिले. परतीची तारीख ठरवून निघालेला माणूस तो नव्हे. त्यानंतर जिल्ह्यातल्या सामान्य माणसाने परदेश पाहिला तो बहुतेक पलटणीबरोबर. अपशिंगे मिलिटरी या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. हौसेने, पदरचे पैसे घालून, बर्फ बघायला जाणारी ही कदाचित जिल्ह्यातली दुसरीच पिढी असेल. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये 'केसरी' सुरू केली, २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड' आली, आणि मराठी टूर मॅनेजर, वेळेवर चहा व रात्री वरण-भात असा युरोप तालुक्याच्या गावापर्यंत पोचला.

लंडनही आधी यादीत होते. जुलै २०२४ मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा बाई रांगेत उभ्या राहून ती पाहून आल्या होत्या. ती जिथून आली ते घरही बघावे, असे त्यांच्या मनात होते. पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, अर्ज वेगळा. युरोपातल्या शेंगेनच्या एका व्हिसावर २९ देश होतात. सरांनी एका ओळीत लंडन कापले. गणिताचा मास्तर तो.

वहिनींचा पासपोर्ट हे प्रकरण मात्र स्वतंत्र लिहावे असे आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे आता टपाल खात्याच्या इमारतीतच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला हेलपाटे नाहीत. प्रश्न केंद्राचा नव्हता, नावाचा होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वहिनींचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव आधारकार्डावर. पॅनकार्डावर नवे नाव, पण स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. कागदोपत्री या तीन बायका. दादाचे लग्न ज्या काळात झाले त्या काळात नोंदणी कोण करत होते? आता नवरा-बायकोचा एकत्र फोटो लावून दोघांच्या सहीने घोषणापत्र देता येते. त्या फोटोसाठी दोघे तासगावच्या स्टुडिओत गेले. शेजारी-शेजारी, सरळ कॅमेऱ्याकडे बघत असा फोटो लग्नानंतर पहिल्यांदाच काढला, असे वहिनी सांगतात आणि पदर तोंडाला लावतात.

जन्मतारीख? १ जून. दादाचीही १ जून. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा, आणि गुरुजी तारीख लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातल्या गावागावांत एका पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो. सरकारी दप्तराला त्याचे काही वाटत नाही, दाखल्यावर आहे तेच पासपोर्टवर जाते. परदेशातल्या एखाद्या खिडकीवरच्या माणसाने या जोडप्याची, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आणखी चौघांची, तारीख एकच पाहिली तर त्याला काय वाटत असेल, हे विचारायला हवे.

साठी ओलांडलेल्यांना नव्या पासपोर्टच्या फीत दहा टक्के सूट आहे. दादा-वहिनींना दीड हजाराऐवजी १३५० रुपये पडले. सरांचा अर्ज मुदत संपत आलेल्या पासपोर्टच्या बदल्यात नव्या पुस्तकाचा, त्याला ही सूट नाही. वय त्यांचे जास्त, पैसेही जास्त. हे दीडशे रुपये ते अजून विसरलेले नाहीत. पुढे पडताळणीसाठी पोलीस दादाच्या गावात आले, तेव्हा पारावर आधी कुजबुज झाली आणि संध्याकाळपर्यंत 'द्राक्षवाले इंग्लंडला निघाले' असे पसरले. इंग्लंड कापल्याचे तोवर गावाला कळले नव्हते.

टूरचे माणशी साडेतीन लाख धरले आहेत. सरांकडे निवृत्तीच्या पैशांतली ठेव आहे, पण पतसंस्थेत. व्हिसाच्या फायलीत बँकेचे मागच्या काही महिन्यांचे उतारे लागतात, आणि आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर वकिलातीच्या भुवया उंचावतात. म्हणून सरांनी मुदत संपतील तशा पावत्या मोडून दिवाळीपासूनच पैसे बँकेत हलवायला घेतले. दादाचा पैसा शीतगृहात आहे, पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्सांत. तासगावच्या सौद्यात बेदाण्याला दर बरा निघाला की काढायचा, असे ठरले आहे.

मग कर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी सहलीचे पैसे भरताना कंपनी दहा लाखांपर्यंत पाच टक्के कर आगाऊ कापून घेत होती. म्हणजे माणशी साडेसतरा हजार. हा कर फॉर्म २६एएस मध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरले की हिशेबात धरला जातो, देणे नसेल तर परत मिळतो. सरांना काही अडचण नाही. दादाचे उत्पन्न शेतीचे, करमुक्त, विवरणपत्र कधी भरलेच नाही. आता आपलेच पैसे परत मागायला ते भरावे लागणार. व्हिसासाठीही तेच. नोकरदार विवरणपत्रे जोडतो, बागायतदार काय जोडणार? सातबारा, आठ-अ, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, आणि या सगळ्याचे इंग्रजी भाषांतर, नोटरीच्या शिक्क्यासह. साताऱ्याच्या कोर्टाजवळच्या भाषांतरकाराला 'पोटखराबा'पाशी बराच वेळ अडखळायला झाले.

ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज, असा शेंगेनचा नियम. यांच्या सहलीत स्वित्झर्लंडच्या रात्री जास्त. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांच्या आत करायचा. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो आणि पुण्याच्या केंद्रात दहा बोटांचे ठसे. वहिनींना धास्ती आहे ती या ठशांची. आधारच्या वेळी मशीनने त्यांची बोटे तीनदा नाकारली होती. खुरपे, भांडी आणि धुण्याने रेषाच पुसट झालेल्या. कुणीतरी सांगितले म्हणून त्या रोज रात्री हाताला खोबरेल चोळतात. ठसे एकदा लागले की ५९ महिने चालतात, हे ऐकून त्यांना जरा हायसे वाटले. बाईंची हळहळ निराळी आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर चेहरा आणि बोटे संगणकात घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ ही ती पूर्ण होण्याची तारीख ठरली. त्यानंतर पासपोर्टवर शिक्का नाही. इतकी वर्षे थांबून हे नवे पुस्तकही कोरेच यायचे की काय?

खाण्याची यादी बाईंनी केली, सरांनी तपासली. सांगलीची भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट हे पास. साजूक तूप बाद, कारण युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. टूर मॅनेजरला द्यायला म्हणून कंदी पेढे घ्यायचे ठरले होते. खव्याचा पेढा दुधाच्या पदार्थांत मोडतो की मिठाईत, हा वाद झुरिकच्या विमानतळावर घालण्यापेक्षा तो साताऱ्याच्या मोती चौकातच खाल्लेला बरा, असा निर्णय झाला.

रोज सकाळी सर-बाई अजिंक्यतारा चढतात. सहलीतले युंगफ्राऊयोखचे स्टेशन आल्प्समध्ये ३,४५४ मीटरवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर दीडशे मीटरहून जास्त उरतात, हे बाई वहिनींना फोनवर समजावतात. तिथे रेल्वे १९१२ पासून जाते, चढायचे काहीच नाही, हे सर मागून ओरडून सांगतात.

अखेर डिसेंबरात एका रविवारी चौघे साताऱ्यात एकत्र बसले. बाईंनी ट्यूलिप सोडले. दादाने हिशेब केला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटणी उरकली तर जूनच्या मध्यापर्यंत घडनिर्मितीचा काळ निघून जाईल, पुढच्या फवारण्या पुतण्या बघेल. अधिक महिना १५ जूनला संपतो. पालखी लोणंदला यायला जुलैचा मध्य. २० जूनला निघणारी, २ जुलैला परतणारी टूर आहे आणि तीत चार जागा आहेत. सरांनी तेरा दिवसांभोवती काळ्या पेनाने चौकट काढली.

वहिनी चष्मा लावून पानाजवळ गेल्या. "ताई, एकोणतीसला वटपौर्णिमा आहे."

आल्प्समध्ये वड येत नाही, त्याला इतकी थंडी सोसत नाही, असे बाईंनी भूगोलाच्या आधाराने सांगितले. दादा म्हणाला, मी जिवंत सोबत असताना झाडाला कशाला फेऱ्या? टूरच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या मुलीला हा प्रश्न नवा नव्हता. बायका वडाचे चित्र घेऊन जातात, हॉटेलच्या खोलीत पूजा करतात, फक्त उदबत्ती लावायची नाही, धुराचा भोंगा वाजतो. सरांनी वही उघडली आणि भडंगेच्या खाली लिहिले: सूत, दोन गुंड्या. वजनाच्या रकान्यात शून्य.