अजिंक्यपदाचे भाकीत

५ मे १९६९ ची गोष्ट. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या ‘फोरम’ या क्रीडागृहात आढ्याशी असंख्य फुगे जाळ्यांत भरून टांगून ठेविले होते. त्या रात्री व्यावसायिक बास्केटबॉलच्या अजिंक्यपदाचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना होता. यजमान लेकर्स संघाने त्या वर्षी साखळीतील ८२ सामन्यांपैकी ५५ जिंकले होते, आणि पाहुण्या बोस्टन सेल्टिक्सने ४८. सेल्टिक्स तर आपल्या विभागात चौथ्या क्रमांकावर होते. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांना विजयाची इतकी खात्री होती की, आनंदोत्सवाची सारी सिद्धता त्यांनी आधीच करून ठेविली होती. सामना संपला तेव्हा फलकावर १०८-१०६ असे आकडे होते, आणि जिंकले होते सेल्टिक्स! फुगे आढ्याशीच राहिले.

या गोष्टीला आपण हसतो. परंतु कुकसाहेबांचे नेमके काय चुकले, याचा आपण क्वचितच विचार करतो. लेकर्सच्या विजयाचा संभव अधिक होता, हे त्यांचे मत चूक नव्हते. चूक झाली ती ‘अधिक संभव’ म्हणजे ‘खात्री’ असे समजण्यात. भाकीत कसे करावे, आणि केलेल्या भाकितावर किती विसंबावे, हे दोन्ही प्रश्न या एका चुकीपाशी येऊन थांबतात.

बास्केटबॉल आपल्याला अपरिचित नाही. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरही तो फार वर्षांपासून खेळला जातो. अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेचे, म्हणजे एन. बी. ए. चे, दोन संघ मुंबईकरांनी वरळीला प्रत्यक्ष पाहिले ते २०१९ च्या ऑक्टोबरात. इंडियाना पेसर्सनी सॅक्रामेंटो किंग्जवर पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, आणि दुसराही त्यांनीच घेतला. या पेसर्सची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

या संघटनेचे अजिंक्यपद एका सामन्यावर ठरत नाही. अंतिम फेरीतील दोन संघांपैकी जो आधी चार सामने जिंकेल तो अजिंक्य. म्हणजे मालिका लवकरात लवकर चार सामन्यांत संपते, आणि लांबली तर सातांपर्यंत जाते. ज्या संघाने साखळीत अधिक सामने जिंकलेले असतात, त्याच्या घरी पहिले दोन, पाचवा आणि सातवा असे सामने होतात. तिसरा, चौथा व सहावा दुसऱ्याच्या घरी. १९८५ पासून २०१३ पर्यंत हा क्रम थोडा निराळा होता. २०१४ पासून तो असा आहे.

आता एवढे सामने खेळविण्याचे प्रयोजन काय? समजा, क आणि ख असे दोन संघ आहेत, आणि क इतकाच सरस आहे की कोणताही एक सामना तो जिंकण्याचा संभव शंभरांत ६० आहे. एकाच सामन्यावर निकाल ठेवला तर क ला संधी ६० टक्के. तीनांत दोन जिंकावयाचे ठरविले तर ती होते ६५ टक्के. पाचांत तीन म्हटले तर ६८. आणि सातांत चार म्हटले तर ७१. गणित कठीण नाही. चार विजय मिळविण्याच्या एकंदर ३५ वाटा आहेत : चार सामन्यांत संपणारी १, पाचांत संपणाऱ्या ४, सहांत १० आणि सातांत २०. प्रत्येक वाटेचा संभव काढावयाचा आणि बेरीज करावयाची. एका सामन्यातील संभव ५५ असेल तर मालिकेतील ६१ येतो. ७० असेल तर ८७.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या आहेत. एक अशी की, मालिका लांबविली म्हणजे थोडे श्रेष्ठत्वही उठून दिसू लागते. तांदळाची पारख एका दाण्यावरून होत नाही, मूठभर दाण्यांवरून होते, तसेच हे. दुसरी गोष्ट अशी की, सात सामने खेळवूनही दैवाचा वाटा संपत नाही. शंभरांत ७१ वेळा सरस संघ जिंकला, म्हणजे २९ वेळा तो हरला! ज्या पुलावरून जाणाऱ्या शंभर गाड्यांपैकी एकोणतीस नदीत पडतात, त्या पुलाला आपण भरवशाचा म्हणू काय?

परंतु हा ६० चा आकडा आणावयाचा कोठून? खरे कसब येथे आहे. सामान्य प्रेक्षक विजय मोजतो. जाणकार गुणांचा फरक पाहतो. एक संघ दहा सामने एकेका गुणाने जिंकला आणि दुसरा दहा सामने पंधरा-पंधरा गुणांनी, तर दोघांचे विजय सारखे दिसतील. पण पहिल्याला नशिबाने हात दिला असण्याचा संभव पुष्कळ अधिक. आजच्या बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात प्रत्येक संघाच्या हाती चेंडू सुमारे शंभर वेळा येतो. ज्या फुटबॉलमध्ये सारा सामना एका गोलावर ठरू शकतो, त्याच्या मानाने येथे कौशल्य व्यक्त होण्यास अवसर मोठा मिळतो, आणि म्हणून साखळीच्या ८२ सामन्यांतील गुणांचा सरासरी फरक हा संघाच्या बळाचा पुष्कळच विश्वसनीय मापदंड ठरतो.

दुसरी एक रीत बुद्धिबळातून आली आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिल्वॉकी येथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले आर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंचे बळ आकड्यांत मांडण्याची पद्धत बसविली, आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. दोघांच्या मानांकनांत १०० चा फरक असेल तर वरच्याला शंभरांत ६४ चा संभव, २०० चा असेल तर ७६ चा. जिंकल्यावर मानांकन वाढते, आणि बलवानाला हरविले तर अधिक वाढते. हेच तत्त्व पुढे बास्केटबॉलच्या संघांनाही लावण्यात आले.

तिसरी गोष्ट घरच्या मैदानाची. २०२५ पर्यंत अंतिम मालिका २० वेळा सातव्या सामन्यापर्यंत गेली, आणि त्यांपैकी १६ वेळा यजमान जिंकला. हा आकडा ऐकून कोणीही म्हणेल की, घरच्या प्रेक्षकांचा महिमा अगाध आहे! पण थोडे थांबा. सातव्या सामन्याचे यजमानपद बहुधा साखळीत सरस ठरलेल्या संघाकडेच असते. मग तो जिंकला तो प्रेक्षकांमुळे, की मुळात सरस होता म्हणून? दोन कारणे एका आकड्यात मिसळली आहेत, आणि ती वेगळी केल्यावाचून त्या आकड्यावर इमला रचणे धोक्याचे आहे.

इतकी साधने हाती असता भाकिते फसतात का? याचे उत्तर २०१६ च्या मालिकेत सापडते. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्या वर्षी साखळीत ७३ सामने जिंकून उच्चांक केला होता. अंतिम मालिकेत क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्सविरुद्ध ते ३-१ असे पुढे होते. त्यापूर्वी ३२ संघांनी अंतिम मालिकेत अशी आघाडी मिळविली होती, आणि ते ३२ च्या ३२ अजिंक्य ठरले होते. पण मालिकेत जमलेल्या गैरवर्तनाच्या दंडगुणांमुळे वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन पाचव्या सामन्याला मुकला. त्याच सामन्यात त्यांचा उंचापुरा अँड्र्यू बोगट जायबंदी झाला. आणि क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्स व कायरी अर्विंग यांनी प्रत्येकी ४१ गुण केले. बघता बघता मालिका ३-३ झाली.

त्या सहा सामन्यांतील गुणांची बेरीज केली तर काय येते? वॉरियर्स ६१०, कॅव्हेलिअर्स ६१०! सातव्या सामन्यातही शेवटच्या मिनिटापर्यंत दोघे ८९-८९ असे बरोबरीत होते, म्हणजे एकूण हिशेब ६९९ ला ६९९. मग ५३ सेकंद उरले असता अर्विंगने दुरून मारलेला चेंडू टोपलीत पडला, आणि क्लीव्हलँडने ९३-८९ असा सामना व अजिंक्यपद जिंकले. तो चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला असता तर? दुसऱ्या दिवशी ‘वॉरियर्स जिंकणारच होते’ असे सांगणारी मंडळी काही थोडी निघाली नसती. सात सामन्यांनी या दोन संघांत दाखविलेला फरक अवघ्या चार गुणांचा होता. श्रेष्ठ-कनिष्ठाचा कायमचा निवाडा एवढ्याशा फरकावर कसा द्यावा?

आता पेसर्सकडे येऊ. २०२५ च्या अंतिम मालिकेत त्यांची गाठ ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाशी पडली. साखळीत थंडरचे विजय ६८, पेसर्सचे ५०. कागदावर सामना विषमच होता. तरी पहिला सामना पेसर्सनी १११-११० असा जिंकला, आणि त्या साऱ्या सामन्यात ते आघाडीवर होते ते फक्त अखेरचा ०.३ सेकंद! मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. त्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात पेसर्सचा प्रमुख खेळाडू टायरीस हॅलिबर्टन याच्या टाचेमागची कंडरा तुटली, आणि थंडरनी १०३-९१ असा विजय मिळविला. भाकीत खरे ठरले खरे. पण ज्याने ते केले त्याने ही दुखापत थोडीच पाहिली होती? भाकीत खरे ठरणे आणि त्यामागचा विचार बरोबर असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. तद्वतच भाकीत फसले म्हणजे विचार चुकला, असेही नव्हे.

मग भाकीत करणाऱ्याची परीक्षा कशी घ्यावयाची? हा प्रश्न वेधशाळांपुढे फार पूर्वीच आला होता. अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये त्याला एक साधे उत्तर दिले. भाकीत आकड्यात सांगावयाचे आणि आधी लिहून ठेवावयाचे. ‘क जिंकण्याचा संभव ०.७’ असे कोणी म्हटले आणि क जिंकला, तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. क हरला तर चूक ०.७, वर्ग ०.४९. अशा पुष्कळ भाकितांची सरासरी काढावयाची. ती जितकी लहान तितका भाकीतकार चांगला. जो दरवेळी ‘पन्नास टक्के’ म्हणून अंग चोरतो, त्याच्या पदरी नेहमी ०.२५ पडतात, आणि जो छातीठोकपणे ‘शंभर टक्के’ म्हणतो व चुकतो, त्याला पुरता १ चा दंड. या मापाची खुबी अशी की, येथे भिडस्त व बढाईखोर दोघेही उघडे पडतात, आणि ज्याला आपल्या ज्ञानाची मर्यादा ठाऊक आहे तो तरतो. अर्थात, एका मालिकेवरून कोणाचीच परीक्षा होत नाही. तेथेही दाणे मूठभर हवेत.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना आडवा येणारा मध्यवर्ती कायदा रद्द ठरविला, आणि त्यानंतर अनेक राज्यांनी त्या पैजा कायदेशीर केल्या. गुणांच्या फरकावरील पैजेचा नेहमीचा दर असा की, १०० डॉलर मिळविण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. म्हणजे नुसते निम्मे अंदाज बरोबर येऊन भागत नाही, शंभरांत ५२.४ बरोबर आले तेव्हा कोठे मुद्दल सुटते. शिवाय गुणांचा फरक, मानांकन, दुखापती, घरचे मैदान, हे सारे पेढीवाल्याने आपल्याआधी हिशेबात धरलेले असते. खेळ कळतो म्हणून पैज जिंकता येईल असे मानणाऱ्या कित्येक हुशार माणसांचा संसार नेमका येथे बुडतो. ‘मला माझ्या संघाची खात्री आहे’ हे वाक्य मित्रांच्या बैठकीत निरुपद्रवी असते. पैजेच्या पेढीवर त्याची किंमत रोख मोजावी लागते.

तेव्हा, श्रोतेहो, पुढच्या जून महिन्यात कोणी आपल्याला विचारले की यंदा अजिंक्यपद कोणाचे, तर उत्तर जरूर द्यावे. गुणांचा फरक पाहावा, कोण जायबंदी आहे ते पाहावे, सातवा सामना कोणाच्या घरी आहे ते पाहावे, आणि मग ‘अमका संघ, शंभरांत पासष्ट’ असे सांगून वहीत तारखेसह टिपून ठेवावे. उरलेले पस्तीस विसरू नयेत. ते आपल्या अज्ञानाचे माप आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगण्यात कमीपणा मुळीच नाही. त्या पस्तिसांसाठीच तर लोक सामना पाहावयास जातात. आणि फुगे आणावयाचेच असतील तर खुशाल आणावेत. फक्त सामना संपेपर्यंत ते फुगवू नयेत, इतकेच.